दादा बाहेर बसलाय

सांगली,
११ फेब्रुवारी १९७४

ती. दादास,

अंबूचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, आणि हे मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही. एकेकाला डोळ्यांनी पाहून, नाडी धरून लिहिते आहे.

आधी एक कर. उभा असलास तर खाली बस. राहीवहिनीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे. आज सकाळी उशीला टेकून बसली, मऊ भात खाल्ला आणि भातात मीठ नाही म्हणून इस्पितळाच्या स्वयंपाक्याला नावं ठेवली. मीठ आम्हीच बंद केलंय. एवढं दोनदा वाच आणि मगच पुढे जा, कारण पुढे तुला राग येईल असं बरंच आहे, आणि रागाच्या भरात तू पत्र फाडून टाकायचास.

तू नको म्हणाला होतास, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. तुझं दिवाळीचं पत्र आप्पांनी मला वाचायला दिलं होतं. "लढाईत छाती उघडी पडलेली माणसं मी पाठीवर वाहिली आहेत. त्यातला एकही परत उठला नाही. माझ्या बायकोची छाती कुणी उघडायची नाही," असं तू लिहिलं होतंस. त्यावर मी जे उत्तर धाडलं ते जरा जास्तच तिखट झालं. चार बुकं शिकली आणि भावाला अक्कल शिकवायला निघाली, असं तुला वाटलं असेल. तेव्हापासून तुझं पत्र नाही. मग मीही हट्टाने लिहिलं नाही. हट्टाच्या बाबतीत आपण दोघंही आईवर गेलो आहोत.

पण दादा, तू रजेवर आला होतास तेव्हाची वहिनी वेगळी आणि या संक्रांतीची वेगळी. लहानपणी खंडाळ्याला माहेरी असताना तिला सांधे सुजणारा ताप आला होता आणि त्याने हृदयाची एक झडप खराब झाली, एवढं तुला माहीत आहे. पावसाळ्यापासून तिला आडवं झोपता येत नव्हतं, हे माहीत नाही. भिंतीला पाठ लावून, पुढ्यात गोधडीची वळकटी घेऊन बसल्या बसल्या डोळा लावायची. तुला कळवू नका म्हणून तिनेच सगळ्यांना शपथ घातली होती. संक्रांतीला बायकांना हळदीकुंकू लावता लावता खाली बसली आणि तिला उठताच येईना. ओठ निळे पडले. पलूसच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर चालला होता, तो आप्पांनी हात करून थांबवला, ट्रॉली सोडायला लावली आणि तिला माझ्याकडे इस्पितळात घेऊन आले.

तुला कळवायला वेळ नव्हता, असं मी म्हणणार नाही. तार करता आली असती. तू तारेने 'नाही' कळवलं असतंस आणि मग आमचे हात बांधले गेले असते, म्हणून तार केली नाही. हे माझं आणि आप्पांचं ठरलं. सर्जनसाहेबांनी विचारलं, "नवऱ्याची सही?" आप्पा म्हणाले, "नवरा सरकारचा हाय सायेब. सून माजी हाय. कुटं सही करायची ते दावा."

आता नेमकं काय केलं ते सांगते, नाहीतर तू भलतंसलतं डोळ्यांपुढे आणत बसशील. खराब झालेली झडप काढली आणि तिच्या जागी नवी शिवली. धातूचा बारीकसा पिंजरा आणि त्यात वरखाली होणारी एक गोटी, अशी ती असते. तिचा आवाज येतो. वहिनीच्या शेजारच्या खाटेवरची बाई काल विचारत होती की घड्याळ कुठे लपवून ठेवलंय. झडप बदलायची तर हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ एक यंत्र अंगातलं रक्त बाहेर घेतं, त्यात प्राणवायू मिसळतं आणि परत अंगात सोडतं. आमच्याकडे ते नवंच आलंय. नाथाजी म्हणून एकजण आहेत, ते यंत्रावर असतात. अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत.

या यंत्रात आधी रक्त भरून ठेवावं लागतं, आणि तेही ताजं. गावात रक्त द्यायला कोण येणार याची मला काळजी होती, कारण सुई म्हटली की आपली माणसं शेताकडे पळतात. पण आप्पांनी तालमीत जाऊन शब्द टाकला आणि ऑपरेशनच्या दिवशी दिवस उगवायच्या आत बाळासो आपला सगळा जथा घेऊन हजर. आपल्या धाकट्या काकांचा बाळासो आता दरवाजात मावत नाही एवढा झालाय. त्याने बाटलीभर रक्त दिलं, मिशीवर ताव दिला, उठून उभा राहिला आणि आमच्या सिस्टरच्या अंगावर कोसळला. त्याच्या पाठोपाठ दुसरा एक पैलवान आडवा झाला. तिसरा भिंत धरून उभा होता म्हणून वाचला.

मी बाळासोच्या तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"काय न्हाई अंबूताय. काल दुपारपास्नं पानी बी न्हाई."

"का रं?"

"पेशंट उपाशी, मग आमी कसं खायाचं?"

ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी ठेवतात. ते ऐकून ह्या शहाण्यांनी आपणही उपास धरला, असं मी समजले. रक्त द्यायला येणाऱ्याने चांगलं पोटभर खाऊन यायचं असतं म्हणून त्यांना रागावले, सगळ्यांना चहा आणि पाव खायला घातला आणि मनातल्या मनात पोट धरून हसले. सिस्टरही हसत होती.

एवढ्यावर आज थांबते. वॉर्डात जायचं आहे.

१२ फेब्रुवारी

काल वॉर्डात काही काम नव्हतं. पुढचं लिहायला हात धजेना म्हणून पेन ठेवलं. आज लिहिते.

वहिनीला भूल मी दिली. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये असं आमच्यात मानतात, आणि साहेबांनी मला त्याची आठवण करून दिली होती. इथे आणखी एक भूल देणारे डॉक्टर आहेत, पण यंत्रावरच्या ऑपरेशनला ते कधी बसलेले नाहीत. मी बसले आहे. म्हणून मीच बसले.

माणसाला झोपवणं फारसं अवघड नसतं, दादा. तो झोपलेलाच आहे ना, हे ओळखत राहणं अवघड. एरवी भूल उतरायला लागली की नाडी मला आधी सांगते, श्वास सांगतो. यंत्र चालू झालं की यातलं काही उरत नाही. श्वास बंद, हृदय बंद. रक्त फिरत असतं, पण त्याला ठोका नसतो. आपल्या विहिरीवर मोट होती तेव्हा पाणी पाटात गचके देत यायचं आणि इंजिन बसवल्यावर सलग वाहायला लागलं, तसं ते असतं. मनगट धरलं तर बोटाला काही लागत नाही. त्यात यंत्रात भरलेलं रक्त आणि सलाईन तिच्या रक्तात मिसळतं, म्हणजे मी दिलेलं औषध पातळ होऊन जातं. शरीर गार केलेलं असतं तोवर फार काळजी नसते, गारठ्यानेच माणूस निपचित पडून राहतो. झडप शिवून झाली की परत ऊब देतात, आणि मला भीती असते ती तेव्हाची. हातपाय हलू नयेत म्हणून वेगळं औषध दिलेलं असतं. त्यामुळे माणूस आतून जागा झाला तरी त्याला बोट हलवता येत नाही, की ओरडता येत नाही.

वहिनीच्या बाबतीत सुरुवातच नीट झाली नव्हती. भूल देताक्षणी तिचं प्रेशर असं घसरलं की सलाईनच्या बाटल्या जोरात सोडाव्या लागल्या. का ते मला कळेना. पण सावरली, यंत्रावर गेली, साहेबांनी झडप फार सुरेख शिवली. मग ऊब द्यायला सुरुवात केली. हृदय आधी नुसतं थरथरत राहिलं. विजेचा झटका दिल्यावर ठोके पडायला लागले. नाथाजींनी यंत्राचा जोर हळूहळू कमी केला, आणि प्रेशर खाली आलं. पुन्हा यंत्र वाढवलं, औषध दिलं, जरा दम खाऊ दिला आणि पुन्हा कमी केलं. पुन्हा तेच. यंत्रावर माणसाला हवा तितका वेळ ठेवता येत नाही. रक्त खराब व्हायला लागतं. 

साहेब म्हणाले, आणखी थोडं थांबू. त्या थांबण्यात मी तिच्या डोक्याशी वाकले. कपाळ घामाने भिजलं होतं आणि डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं.

ऊब दिली की घाम येऊ शकतो. डोळ्यांत मलम घातलेलं असतं, ते वितळतं. हे सगळं मी शिकलेली आहे. तरी मला वाटलं, वहिनी जागी आहे.

मॉर्फिन भरलेली सिरिंज माझ्या हातात होती. दिलं असतं तर ती झोपली असती. आणि ते आधीच दमलेलं हृदय त्या औषधाने आणखी ढिलं पडलं असतं, बहुतेक कायमचं. साहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "अंबूबाई, आत्ता नको." ते म्हणाले नसते तरी मी दिलं नसतं. मी सिरिंज खाली ठेवली.

काय केलं मी, ते कळतंय ना तुला? तिची छाती उघडी, मला वाटतंय की ती जागी आहे, आणि मी तिला तसंच पडू दिलं. तुला ज्याची भीती वाटत होती त्याहून वाईट काहीतरी मी तुझ्या बायकोच्या वाट्याला आणलं असेल, असं मला वाटलं. हे मी साहेबांना बोलले नाही, आप्पांना बोलले नाही. तुलाच लिहिते आहे, कारण जाब विचारायचा हक्क तुझा आहे.

माझ्याकडे द्यायला बोलणं तेवढं उरलं होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि आपण घरात बोलतो तसं बोलायला लागले. "वैनी, मी अंबू हाय. भिऊ नगंस. काम झालंय, आता तुजं काळीज चालू करतुया. जरा जोर लाव." साहेबांना वाटलं मी देवाचं नाव घेते आहे. आणि मग ध्यानीमनी नसताना तोंडातून निघून गेलं, "वैनी, दादा आलाय. दादा भाईर बसलाय. तुला बगितल्याबिगार जायाचा न्हाई म्हनतोय."

तू त्या वेळी कुठल्या बर्फात पहारा देत होतास कुणास ठाऊक. मी तुला आमच्या वॉर्डाबाहेर बाकावर आणून बसवलं.

तिसऱ्या खेपेला हृदयाने भार घेतला. नाथाजींनी यंत्र कमी करत करत बंद केलं आणि प्रेशर जागचं हललं नाही. माझ्या बोटाखाली तिची नाडी लागली, बारीक, पण आपली आपण चाललेली. मग मी तिला पोटभर मॉर्फिन दिलं. काम संपल्यावर बाहेर येऊन आप्पांना सांगायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, आणि आप्पांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. बिचारे भुईवर बसले. बाळासोने त्यांना उचललं आणि मी नुसती मान हलवून हलवून "बरी हाय, बरी हाय" एवढंच म्हणत राहिले. मग आम्ही सगळेच रडलो. पैलवानसुद्धा.

मी बोलले म्हणून हृदय सुरू झालं, असं मला म्हणायचं नाही. साहेब म्हणतात त्याला पुरेशी विश्रांती मिळाली, आणि ते खरंच असणार. पण पुढचं ऐक.

दुसऱ्या दिवशी तिच्या घशातली नळी काढली. ओठांना ओला कापूस लावला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात पहिलं काय बोलली असेल तर, "हे कुटं हायती?"

 तिने ऐकलं होतं. म्हणजे ती जागी होती. मी तिचा हात धरला आणि जे विचारायची भीती वाटत होती तेच आधी विचारलं, लय दुखलं का म्हणून.

"दुकत न्हवतं वन्सं," ती म्हणाली. "छातीवर भरल्या पोत्यावानी वज्जं व्हतं. लांबनं मानसं बोलत्याली ऐकू येत व्हती. कोन हाय, काय हाय, कळंना. मग तुमी बोललासा आन् जिवाला बरं वाटलं."

दादा, दुखत नव्हतं. हे ऐकून मी तिच्या खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि किती वेळ तशीच बसले मला माहीत नाही. तिनेच माझ्या डोक्यावरून हात फिरवला, सुया टोचलेला हात. तेव्हापासून मला झोप लागते आहे.

डोकं ठिकाणावर आल्यावर मात्र माझ्यातली डॉक्टर जागी झाली. ऑपरेशनच्या आधी पहाटे आम्ही एक गोळी देतो. तिने भीती कमी होते, आणि मधे चुकून जाग आलीच तरी माणसाच्या लक्षात राहत नाही. वहिनीच्या तर शब्दन्‌शब्द लक्षात होता. मी विचारलं, "वैनी, पहाटेची गोळी घेतली व्हतीस न्हवं?"

ती छताकडे बघायला लागली.

"घेतली व्हतीस का न्हाई?"

"उशाखाली ठिवली व्हती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तुला न विचारता ती ऑपरेशनला निघाली होती, म्हणून तिने आदल्या दिवसापासून निर्जळी उपास धरला होता. गोळी गिळायची तर पाणी घ्यावं लागणार, म्हणून सिस्टर वळेपर्यंत गालात धरली आणि मग काढून ठेवली. आईला हे माहीत होतं. आप्पांना माहीत होतं. सून निर्जळी आहे म्हणून घरात कुणी पाण्याला शिवलं नाही, आणि घरातून ते तालमीत गेलं. बाळासो मला सरळ सांगत होता आणि मी हसत होते. भूल देताना प्रेशर का घसरलं, तेही आता कळलं. अंगात पाणीच नव्हतं. साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं आणि जिला ठाऊक असायला हवं तिला तेवढं कुणी सांगितलं नाही. मी आईला धारेवर धरलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू मोडाय लावला असतास." लावलाच असता. दोन तांबे पाणी तिथल्या तिथे पाजलं असतं.

पण तिच्या खाटेशी बसले होते तेव्हा, तू बाहेर बसलायस या खोट्याचं काय करायचं, ते मला समजेना. वहिनी दाराकडे बघत होती. मी सुरुवात केली, दादा आला होता, पण ड्यूटीवर परत बोलावणं आलं, मग त्याला जावं लागलं. तेवढ्यात ती हसली. टाके ओढले जातात म्हणून तिला हसायची बंदी आहे, तरी हसली.

"ऱ्हाऊ द्या वन्सं. ते आलं न्हवतं, मला तवाच कळलं."

"कसं गं?"

"तुमी कवा खोटं बोलत न्हाईसा. बोलायला लागलासा. मनात म्हनलं, वन्सं खोटं बोलाय लागल्या म्हंजी काम लय अवघड झालेलं दिसतंय. आता आपुनच कायतरी कराय पायजे."

"मग आता त्यो कुटं हाय म्हनून का इचारलंस?"

"तुमी काय सांगताय त्ये बगत व्हते."

अशी ही तुझी बायको. मेलेल्या माणसासारखी पडली होती तेव्हाही माझी परीक्षा घेत होती.

तुला हे सगळं लिहिते आहे, ते तिला विचारून लिहिते आहे. तुझ्याकडून दादाला काय कळवू, असं मी तिला विचारल्यावर म्हणाली, "लिवा, तुमास्नी न इचारता गेले, ही माजी चूक झाली. जगले, ती मातर वन्संची चूक. काय बोलायचं ते त्यास्नी बोला." आणि मला बजावलं आहे की ह्यांना या म्हणून लिहायचं नाही. यायचं असेल तर आपल्या मनाने येतील, कुणाच्या सांगण्याने नको.

म्हणून मी ये म्हणत नाही. तुझ्या भीतीला मी दिवाळीत अडाणीपणा म्हटलं होतं, तो शब्द मागे घेते. त्या टेबलाशी वाकले तेव्हा तीच भीती मलाही वाटली. थोडी रागावलेली अजून आहे, कारण तू एवढे महिने तिला चार ओळी लिहिल्या नाहीस. आता लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल, पण तिला लिही, मला नको.

इथे भेटायची वेळ संध्याकाळची असते. आलेल्या माणसांना आत सोडेपर्यंत बाहेर बाकावर बसावं लागतं, आणि खाटेवरून ते बाक तिला दिसत नाही. कुणी खोकलं, पायातले बूट वाजले, की ती बोलता बोलता गप्प होते आणि कान देते. ते खोटं होतं, हे माहीत असूनही देते.

तुझ्या नावावर खोटं बोललेली, तुझीच,
अंबू